फ्लेक्शर स्टेज दुरुस्त केलं तरी महिन्याभरात पुन्हा हलतं: कारण कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "स्टेज जागेवर थांबत नाही." स्टेज म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली नमुना अगदी बारीक मापाने सरकवणारा मंच. गेल्या सव्वा वर्षात एकाच यंत्राबद्दल ती आमच्याकडे चार वेळा आली. चारही वेळा आम्ही कंट्रोलरचा गेन (जागा चुकली की तो किती जोराने दुरुस्त करतो ते प्रमाण) उतरवला, आलेख सपाट झाला, यंत्र कामाला लागलं. चारही वेळा तीन-चार आठवड्यांत तोच फोन परत आला. पाचव्या वेळी ठरवलं की कारण सापडेपर्यंत गेनला हात लावायचा नाही. तेव्हा कळलं की या एका वाक्यात चार वेगळे दोष दडले होते. गेन कमी केला की त्यातले दोन झाकले जात होते आणि बाकीचे दोन तसेच राहत होते.

ज्यांना असलं यंत्र वापरावं लागतं किंवा करावं लागतं त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. आमचं वर्कशॉप सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. वायर-कटवर (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र) डाय आणि फिक्स्चर करणं हा रोजचा धंदा. त्यातूनच असं स्टेज करायला लागलो.

फ्लेक्शर हा शब्द नवा असेल तर स्वयंपाकघरातला पत्र्याचा चिमटा आठवा. त्याला बिजागरी नाही, खिळा नाही. पट्टी वाकते, तोंड मिटतं. बोटं सैल केली की उघडतं. घासणारा भागच नाही, त्यामुळे आधी अडकणं आणि मग एकदम सुटणं हा बेअरिंगचा दोष इथे येत नाही. मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, खाली जायचं असेल तर वाकणारी पट्टी म्हणूनच बरी. ढकलायला पिझो असतो. गॅसच्या लायटरमध्ये दाब दिला की ठिणगी पडते, इथे त्याच्या उलट: व्होल्टेज दिलं की पिझो लांबतो. पण किती? स्वतःच्या लांबीच्या साधारण हजाराव्या भागाइतका. १८ मिलिमीटरचा पिझो जेमतेम १८ मायक्रॉन सरकतो. म्हणून आम्ही तरफेने ती हालचाल पाचपट करतो.

ज्या यंत्राची ही गोष्ट आहे ते ७०७५ या मजबूत ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कापलेलं आहे. पट्ट्या अर्धा मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब. प्लॅटफॉर्मखाली न टेकता अंतर मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर, कंट्रोलर सेकंदाला ५,००० वेळा वाचणारा. काम: बारीक भोकांच्या कडा कॅमेऱ्याखाली मोजणं. ग्राहकाला कडेची जागा ०.१ मायक्रॉनच्या आत हवी होती.

पान्हा उचलण्याआधी नोंद

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आधी सांगतो. स्टेजच्या आतला सेन्सर आणि वरचा कॅमेरा हे दोन साक्षीदार आहेत. आम्ही चारही वेळा फक्त सेन्सरला विचारलं. स्टेज एका जागी धरून ठेवा आणि दोघांची नोंद एकाच वेळी घ्या. कॅमेऱ्याखाली एक ठिपका ठेवून त्याच्या मध्याची जागा दर चौकटीत काढली की पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत हालचाल कळते.

सेन्सर आणि कॅमेरा दोघेही हलताना दिसले तर दोष स्टेजमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये आहे. सेन्सर शांत आणि कॅमेऱ्यात हालचाल, तर दोष स्टेज आणि कॅमेरा यांच्या मधल्या लोखंडात किंवा तापमानात. सेन्सर हलतो पण चित्र स्थिर, तर बहुतेक वेळा वायर आणि अर्थिंग. यात एक सावधगिरी मात्र हवी: ही नोंद गेन अगदी कमी ठेवून घ्या. गेन चढवलेला असेल तर कंट्रोलर सेन्सरच्या खोट्या आवाजामागेही स्टेजला पळवतो आणि मग चित्रही हलतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. एकच नोंद पुरत नाही. दहा सेकंदांची नोंद पूर्ण वेगाने घ्या, आणि तासाभराची नोंद सेकंदाला एक आकडा अशी. मिलिसेकंदात दिसणारा दोष, अर्ध्या सेकंदाने येणारा दोष आणि वीस मिनिटांनी येणारा दोष यांची कारणं वेगळी असतात, आणि एकाच पडद्यावर ती कधीच धड दिसत नाहीत. आम्ही दोन सेकंदांचा आलेख बघून "ठीक आहे" म्हणत होतो, आणि ग्राहक मात्र चाळीस मिनिटांचं मोजमाप करत होता.

मिलिसेकंदातला झणझणाट: होल्डर बदलला की परत येणारा

पहिला दोष सगळ्यांच्या ओळखीचा. हुकूम दिला की स्टेज पोहोचतं, पण पोहोचल्यावर झणझणत राहतं, आणि कधी कधी ते थांबतच नाही. पिझोचा बारीक आवाज कानाला ऐकू येतो.

फ्लेक्शरमध्ये घर्षण नाही हा त्याचा गुण, आणि त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. कंप शोषून घेणारं आत काहीच नसतं. एकसंध धातूत डॅम्पिंगचं, म्हणजे कंप शोषण्याचं, प्रमाण ०.०१ किंवा त्याहून कमी. ते मोजायला महागडं उपकरण लागत नाही. कंट्रोलर तोडून पिझोला एक मायक्रॉनची छोटी उडी द्या, सेन्सरची नोंद घ्या आणि हेलकावे मोजा. किती हेलकाव्यांनी उंची निम्मी झाली? ०.११ ला त्या आकड्याने भागा. आमच्याकडे ११ हेलकावे लागले, म्हणजे डॅम्पिंग ०.०१. दोन शिखरांमधलं अंतर ४.७ मिलिसेकंद, म्हणजे नैसर्गिक वारंवारता २१२ हर्ट्झ: मोकळं सोडलं तर स्टेज सेकंदाला २१२ वेळा हेलकावतं.

आता यातून एक कटू हिशोब निघतो. नुसता इंटिग्रल कंट्रोलर (उरलेली चूक साठवत जाऊन भरून काढणारा) लावला तर लूपचा, म्हणजे सेन्सर वाचून पिझो ढकलण्याच्या चक्राचा, वेग डॅम्पिंगच्या दुप्पट गुणिले नैसर्गिक वारंवारता याच्या पुढे नेता येत नाही. २ × ०.०१ × २१२ म्हणजे सव्वाचार हर्ट्झ! २१२ हर्ट्झचं यंत्र, आणि त्याचा वापर सव्वाचार हर्ट्झपर्यंतच. त्याच्या वर गेन नेला की २१२ हर्ट्झला यंत्राच्या प्रतिसादाचं जे उंच शिखर असतं ते एकाच्या वर जातं, म्हणजे कंप दर फेरीत वाढत जातो, आणि स्टेज गाऊ लागतं. म्हणून सगळे नॉच फिल्टर लावतात, म्हणजे त्या एका वारंवारतेला सिग्नलमध्ये खड्डा पाडतात. आम्हीही लावला, २१२ ला. छान चाललं.

मग ते परत का बिघडत होतं? याचं उत्तर यंत्रात नव्हतं, ग्राहकाच्या कपाटात होतं. आमचा नमुना-होल्डर ॲल्युमिनियमचा, ४० ग्रॅमचा. काही जॉबसाठी त्यांनी स्वतः स्टीलचा, चुंबक बसवलेला होल्डर करून घेतला होता, १५० ग्रॅमचा. हलणारं वस्तुमान २५० वरून ३६० ग्रॅम झालं. वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते: २१२ ची १७७ झाली. नॉच राहिला २१२ लाच. प्रत्येक भेटीत जो होल्डर लावलेला असेल त्यावर आम्ही ट्यूनिंग करायचो, आणि जॉब बदलला की तक्रार उगवायची. फोनवर मी एकदाही विचारलं नाही की "आत्ता वर काय बसवलंय?" आता तो आमचा पहिला प्रश्न असतो.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला फार उशिरा कळला. नॉच चुकला तर कुठल्या बाजूला चुकला याला महत्त्व आहे. यंत्राचं शिखर नॉचच्या खाली असेल, म्हणजे १७७ चं शिखर आणि २१२ चा खड्डा, तर शिखराच्या जागी इंटिग्रलचा उशीर, यंत्राचा उशीर आणि नॉचचा उशीर हे तिन्ही एकावर एक चढतात आणि लूप अस्थिर होतो. शिखर नॉचच्या थोडं वर असेल तर खड्डा ओलांडल्यावर फेज (लाट किती मागे-पुढे आहे ते) पुढे उडी मारते आणि शिखराला सुरक्षित बाजूला नेते. म्हणून नॉच सगळ्यात जड होल्डरसाठी बसवा, किंबहुना त्याच्याही किंचित खाली. हलका होल्डर आला तर वेग थोडा जाईल, स्टेज गाणार नाही. आम्ही तो १७० ला ठेवला. कंट्रोलरमध्येच दीड-दोन नोंदींचा उशीर असतो हे मात्र विसरू नका. सेकंदाला ५,००० नोंदी असतील तर तो निभावतो. १,००० वर या युक्तीचा भरवसा धरू नये.

त्याहून खरा उपाय म्हणजे डॅम्पिंगच वाढवणं. प्लॅटफॉर्मखाली एक पातळ पातं जोडलं, ते स्थिर भागातल्या अरुंद खाचेत सोडलं आणि फटीत घट्ट सिलिकॉन तेल भरलं. पातं कुठेही टेकत नाही, म्हणून घर्षण नाही; तेल फक्त वेगाला विरोध करतं. डॅम्पिंग ०.०५ झालं तरी वरच्या हिशोबाची मर्यादा सव्वाचारवरून २१ हर्ट्झवर जाते, तीही नॉचशिवाय. होल्डर बदलला तरी तेलाला फरक पडत नाही, आणि वर्कशॉपच्या माणसाला हे हाताने करता येतं. सॉफ्टवेअरमधून डॅम्पिंग वाढवण्याच्या चांगल्या पद्धती आहेत, पण ज्याच्याकडे कंट्रोलरचा कोड उघडा नाही त्याला तेल जवळचं.

हुकूम देण्याच्या पद्धतीतूनही बराच झणझणाट कमी होतो. एकदम उडी मागण्याऐवजी निम्मी उडी आत्ता मागायची आणि निम्मी अर्ध्या हेलकाव्याने, म्हणजे २१२ हर्ट्झला २.३६ मिलिसेकंदांनी. दुसऱ्या निम्म्या उडीचा हेलकावा पहिल्याच्या बरोबर उलटा पडतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. ऑटो स्मिथ यांनी ही कल्पना १९५७ साली मांडली आणि आजही ती सीएनसीपासून क्रेनपर्यंत चालते. पण लक्षात घ्या, ही युक्ती फक्त आपल्या हुकुमाने उठणारा कंप मारते. बाहेरून आलेल्या धक्क्याला तिचा उपयोग नाही.

अर्ध्या सेकंदाचा हेलकावा: शेजारचे माग

हा दोष आमच्याच शेडमध्ये सापडला. स्टेज तपासायला परत आणलं होतं. सेन्सर म्हणत होता पाच नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आत शांत आहे, आणि कॅमेऱ्यात ठिपका पाव मायक्रॉनहून जास्त डुलत होता. डुलणं दर अर्ध्या सेकंदाला, आणि मधूनच वाढायचं, मग विरायचं, परत वाढायचं.

आमच्या भिंतीला भिंत लावून टॉवेलचा कारखाना आहे. जुने धोट्याचे माग, मिनिटाला १२० च्या आसपास धोट्याच्या फेऱ्या. १२० भागिले ६०: २ हर्ट्झ. प्रत्येक मागाचा वेग शेजारच्या मागापेक्षा किंचित वेगळा, म्हणून सगळ्यांचे ठोके कधी एकत्र येतात, कधी विखुरतात. डुलणं वाढायचं आणि विरायचं ते त्यामुळे. मग आठवलं, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत शेजारी सगळं बंद होतं आणि नेमकं तेव्हाच आम्ही हे यंत्र "उत्तम" म्हणून पास केलं होतं.

शेजारच्या अण्णांकडे गेलो. "अण्णा, अर्धा तास माग बंद ठेवता का? एक बघायचंय."

"बंद कशाला ठेवायचे? एक वाजता पोरं डबा खायला बसतात, तेव्हा बंदच असतात की. तवा बघा."

दीड वाजेपर्यंत नोंद घेतली. ठिपका जागेवर. माग सुरू झाले, ठिपका डुलायला लागला. याहून स्पष्ट पुरावा मी मागितला नसता. तुमच्याकडे शेजारी असा समजूतदार नसेल तर फोन जमिनीवर ठेवा, त्यातल्या त्वरणमापकाची दोन-तीन मिनिटांची नोंद घ्या आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेचा कंप किती ते दाखवणारा आलेख, काढा; २ हर्ट्झचं टोक दिसतं. तेही नको असेल तर टेबलावर वाटीभर पाणी ठेवा आणि त्यावरून भिंतीवर पडणारा कवडसा बघा.

पहिला उपाय चुकला तोही सांगतो, कारण बहुतेक जण तोच करतात. टेबलाखाली रबराचे जाड पॅड घातले. डुलणं वाढलं. कारण साधं आहे: पॅड वजनाखाली जितकं दबतं त्यावरून टेबलाची वारंवारता ठरते. ३ मिलिमीटर दबलं तर साधारण ९ हर्ट्झ, आणि अटकाव सुरू होतो त्याच्या १.४ पटीच्या वर. २ हर्ट्झला अडवायचं तर वारंवारता १.४ हर्ट्झच्या खाली हवी, म्हणजे पॅड किंवा स्प्रिंग साडेबारा सेंटीमीटर दबायला हवी. रबराने ते होणे नाही. उलट मागाचा ठोका काही गुळगुळीत हेलकावा नसतो. फणी आदळते तेव्हा त्यात ४, ६, ८, १० हर्ट्झ असे सगळे गुणज येतात, आणि आमचं टेबल नेमक्या ८ आणि १० च्या मध्ये जाऊन बसलं.

मग कागदावर हिशोब मांडला आणि तिथे गाठ सुटली. जमीन हलली की तिच्यावरची प्रत्येक वस्तू हलते. आपल्याला जमिनीशी देणंघेणं नाही, स्टेज आणि कॅमेरा एकमेकांच्या तुलनेत किती सरकतात एवढंच बघायचं. ज्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता खूप वरची आहे ती जमिनीबरोबर इमानाने चालते. मागे पडण्याचं प्रमाण म्हणजे जमिनीची वारंवारता भागिले वस्तूची वारंवारता, आणि त्याचा वर्ग. समजा जमीन २ हर्ट्झने २० मायक्रॉन हलते. २१२ हर्ट्झचं स्टेज मागे पडेल २ नॅनोमीटरपेक्षाही कमी. कॅमेऱ्याच्या उंच खांबाला टिचकी मारून मोजलं: १८ हर्ट्झ. तो मागे पडेल पाव मायक्रॉन. शिवाय मागाच्या ठोक्याचा नववा गुणज बरोबर १८ वर येतो, त्याची भर वेगळीच. चार वेळा आम्ही स्टेजच्या गेनशी खेळत बसलो आणि दोष सुरुवातीपासून कॅमेऱ्याच्या खांबात होता.

खांब काढला. त्याच्या निम्म्या उंचीचे दोन खांब आणि वर जाड आडवी पट्टी असा पूल केला, आणि पूल व स्टेज दोन्ही एकाच ग्रॅनाइटच्या प्लेटवर बसवले. उंची निम्मी केली की खांबाचा ताठरपणा आठपट होतो, खांब दोन म्हणून सोळापट. वारंवारता त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे चौपट वाढायला हवी: ७२. प्रत्यक्षात ६८ आली. डुलणं २० नॅनोमीटरच्या आत आलं, अण्णांचे सगळे माग चालू असताना. रबराचे पॅड काढून टाकले.

वीस मिनिटांची लाट आणि तासाभराची सरक

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. खोलीत एसी लावावाच लागतो, आणि एसी लावला की खोलीचं तापमान स्थिर होतं असा समज होतो. तासाभराच्या नोंदीत दर अठरा मिनिटांनी एक लाट दिसली: चढण, उतरण, चढण. कॉम्प्रेसर चालू-बंद होण्याची तीच वेळ.

१०० मिलिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २.३ मायक्रॉन वाढतं. स्टील त्याच्या निम्मं, ग्रॅनाइट साधारण तिसरा हिस्सा. ०.१ मायक्रॉन हवं असेल तर धातूचं तापमान एका अंशाच्या पंचविसाव्या भागात ठेवायला हवं, आणि ते कुठल्याही एसीचं काम नाही. इथेही सेन्सर शांत होता. सेन्सर स्वतःच्या पायापासून प्लॅटफॉर्मपर्यंतचं अंतर सांगतो. पाया आणि कॅमेरा यांच्यामधलं लोखंड वाढलं तर त्याला पत्ता नसतो.

एसीचा झोत यंत्रावरून वळवला आणि यंत्रावर थर्मोकोलची पेटी ठेवली. लाट एवढ्यानेच बरीच खाली आली, कारण हवेचं तापमान वर-खाली झालं तरी धातूपर्यंत ते पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर उलटी फेरी सुरू होते. दिवा पेटीच्या आत ठेवू नका. आमचा एलईडी सुरुवातीला आतच होता. स्टेज मधोमध बोल्टने धरा आणि बाकीच्या टेकणांना सरकायला वाव द्या, म्हणजे फुगलं तरी मध्य हलत नाही. आणि ॲम्प्लिफायर रात्रभर चालू ठेवा. सकाळी चालू करून लगेच मोजायला बसलात तर पहिला तास वाया गेला असं धरा.

तापमानाशी संबंध नसलेली एक सरक पिझोची स्वतःची असते. कंट्रोलर न लावता स्टेजला ५० मायक्रॉनची उडी दिली तर पिझो पोहोचल्यावरही हळूहळू पुढे जात राहतो: वेळ दहापट झाली की उडीच्या १ ते २ टक्के. म्हणजे १ ते १० सेकंदांत अर्धा ते एक मायक्रॉन, १० ते १०० सेकंदांत तेवढाच. आलेखाची आडवी, वेळेची रेघ लॉग मापात (दर दहापटीला सारखं अंतर) काढली आणि सरळ ओळ आली तर ओळखा की ही पिझोची सरक आहे. तापमानाची असली सरळ ओळ देत नाही. जाताना आणि येताना एकाच व्होल्टेजला १० ते १५ टक्के फरक पडणं हाही पिझोचा स्वभाव. हे दोन्ही दोष कंट्रोलर भरून काढतो, पण सेन्सर प्लॅटफॉर्मवर असेल तरच. काही यंत्रांत स्ट्रेन गेज पिझोच्या अंगावरच चिकटवलेलं असतं. ते पिझोचं लांबणं सांगतं, तरफेच्या पुढे काय हरवलं ते सांगत नाही.

मूळ जागी परत न येणारं स्टेज

हा दोष कमी वेळा येतो पण वेळ फार खातो. स्टेज जातं, परत येतं, आणि शून्यापासून ०.२ मायक्रॉन बाजूला थांबतं. टेबलाला टिचकी मारली की एकदम उडी मारून जागेवर येतं.

फ्लेक्शर असं करत नाही. उडी दिसली की कुठेतरी दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरताहेत हे नक्की. पिझोची वीज बंद करा, प्लॅटफॉर्मला बोटाने हलकंच ढकलून सोडा आणि सेन्सर बघा; वीसपैकी वीस वेळा एकाच आकड्यावर यायला हवं. आमच्याकडे तीन कारणं निघाली. होल्डरचे ॲलन बोल्ट ढिले, हे एक. दुसरं, स्टेजचा तळ चार बोल्टने सपाट नसलेल्या प्लेटवर आवळला होता, त्यामुळे सगळी चौकट पिळली गेली होती; आता तीन टेकणांवर बसवतो. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त छळून गेलं: प्लॅटफॉर्मवरून निघणारी वायर. जाड, कडक आवरणाची वायर स्प्रिंगसारखी ओढते, आणि तिची ओढ दर वेळी वेगळी असते. बारीक, मऊ वायर घ्या आणि तिला स्थिर भागावर जवळच बांधून मगच बाहेर काढा.

नवीन स्टेज पहिल्या दिवसापासून थोडं तिरपं जात असेल तर पट्ट्या मोजा. ताठरपणा जाडीच्या घनावर जातो. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी २० मायक्रॉन जास्त कापली गेली, म्हणजे ४ टक्के, तर ताठरपणा जवळपास १२ टक्के उतरतो. एका बाजूचीच तशी असेल तर प्लॅटफॉर्म सरकताना वळतो. आमचे वायर-कटवाले मामा आता शेवटचा कट दोन्ही बाजूंना एकाच सेटिंगवर, हळू वेगाने घेतात आणि त्यानंतरच जॉब काढतात. कट बिनचूक असला तरी साध्या समांतर पट्ट्यांचं स्टेज सरळ रेषेत जात नाहीच. ते किंचित खाली झुकतं: सरकण्याचा वर्ग भागिले पट्टीची लांबी, गुणिले ०.६. २० मिलिमीटरच्या पट्टीवर १०० मायक्रॉन सरकलात तर ०.३ मायक्रॉन. हा दोष नव्हे, भूमिती आहे. नको असेल तर दुहेरी समांतर रचना करावी लागते, म्हणजे पट्ट्यांच्या दोन जोड्या अशा की एकीचा झोक दुसरी खोडते.

सेन्सरच्या नोंदीत ५० हर्ट्झ दिसलं तर स्टेजमध्ये काही शोधू नका. सगळ्यांचं अर्थिंग एकाच बिंदूवर आणा, सेन्सरची वायर मोटरच्या वायरपासून दूर न्या. बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं.

आता काय स्थिती आहे

यंत्र ग्राहकाकडे परत जाऊन पाच महिने झाले. जड होल्डर आणि हलका होल्डर दोन्ही चालतात, नॉच १७० ला आहे, तेल भरलेलं आहे. सेन्सर आणि कॅमेरा दोघांच्या नोंदीत तासाभरात ०.०८ मायक्रॉनच्या आत हालचाल. दुपारी अडीच ते चार या वेळात ती थोडी वाढते. त्यांच्या खोलीची पश्चिमेची भिंत तापते, त्याचा संबंध आहे असं वाटतं. तिथे पडदा लावून पुढच्या आठवड्यात पुन्हा नोंद घेणार आहोत.

असाच त्रास होत असेल आणि कोणाला विचारायचं असेल तर "थांबत नाही" एवढंच लिहू नका. दहा सेकंदांची आणि तासाभराची नोंद, सेन्सर आणि कॅमेरा दोन्हींची, होल्डरचं वजन, हेलकावे किती मोजले, खोलीत आणि भिंतीपलीकडे काय चालू होतं, आणि ते बंद असताना काय दिसलं. एवढं हाती असलं की निम्म्याहून जास्त वेळा उत्तर फोनवरच सापडतं.